मृगाला बंद होणारी मोटार

खोली बघायला गेलो तेव्हा काकांनी मला पगार विचारला नाही, आडनाव विचारलं नाही, मासे चालतात का हेही विचारलं नाही. पुण्यात तीन आणि सिंगापुरात दोन घरमालकांना तोंड देऊन आलेला मी, सगळी उत्तरं घोटून तयार होती. काकांनी मला सरळ स्वयंपाकघरात नेलं, नळ सोडला आणि म्हणाले, "हा बंद करून दाखवा."

मी केला.

"गळा दाबलात त्याचा. पाणी थांबलं की हात थांबला पाहिजे. त्यापुढे पिळता ते रागाने पिळता. आता पंखा."

पंखा झाला, गॅस झाला, खिडकी झाली. बाहेरचं लोखंडी दार मी आपटलं तेव्हा आतून काकूंचा आवाज आला, "अहो, त्याला खोली द्यायची आहे की जहाजावर नोकरी?"

"मधली खोली तुमची," काका म्हणाले. "दार शिकाल हळूहळू."

त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव 'मधली खोली' पडलं. मागच्या खोलीत विद्यापीठात संशोधन करणारा एक पोस्टडॉक राहायचा, तो 'मागची खोली'. सकाळी काकांची हाक यायची, "अहो मधली खोली, चहा निवतोय." आईवडिलांनी बारशाला एवढा खर्च करून ठेवलेलं नाव सिंगापुरातल्या आंग मो किओच्या त्या अकराव्या मजल्यावर चार वर्षं कुणी उच्चारलं नाही. काकू मला नुसतं 'अरे' म्हणायच्या, ते त्यातल्या त्यात प्रेमाचं.

काका मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे. ऐन विशीत इथल्या एका गोदीत फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. त्यांचं काम जहाजं चालवायचं नव्हतं, जहाजं उभी करायचं होतं. धंदा मंदावला की मालक लोक जहाजं किनाऱ्यापासून दूर नांगरून ठेवतात, सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षं. तोवर त्यांची इंजिनं गंजू नयेत, अडकू नयेत, पुन्हा हाक मारली की उठावीत, म्हणून त्यांना नीट निजवावं लागतं. काकांनी तीस वर्षं जहाजं निजवली. त्यामुळे जगाकडे बघायची त्यांची खिडकीच वेगळी. कुणी नवीन गाडी घेतली, नवीन कंपनी काढली, नवीन लग्न केलं की काका कौतुकाने मान हलवायचे आणि म्हणायचे, "सुरू काय, कुणीही करतं." पुढचं वाक्य बोलायचे नाहीत. ते आपण समजून घ्यायचं.

"आमच्या लग्नात," काकू सांगायच्या, "अंतरपाट दूर झाला, मी मान वर करून बघते तर नवरा नाही. मांडवाच्या कोपऱ्यात कुणी जनरेटर नीट बंद केला नाही म्हणून तिकडे गेलेला." काका त्यावर शांतपणे सांगायचे की तो जनरेटर भाड्याचा होता आणि पुढच्या लग्नाला लागणार होता.

निवृत्त झाल्यावर काकांनी स्वतःसाठी एकच चैन केली. एक लहानशी फायबरची होडी घेतली, चार माणसं दाटीवाटीने बसतील एवढी, आणि तिच्या मागे अडकवायची एक जुनी मोटार. होडी उत्तरेकडच्या किनाऱ्यावर एका यार्डात भाड्याने ठेवलेली असायची. मोटार म्हणजे अंगाने लहान मुलाएवढी: वर डोकं, खाली लांब पाय, पायाला पंखा. काका तिला जावईबुवा म्हणायचे. दोरी ओढून ती सुरू व्हायची आणि सुरू झाली की मागच्या गप्पा पुढे ऐकू येत नसत. काका रविवारी सकाळी तिला घेऊन समुद्रात जायचे, दोन तासांनी यायचे. मासे मिळाले तर मिळाले. मला वाटतं ते मासे धरायला जायचेच नाहीत, परत येऊन मोटार धुवायला मिळावी म्हणून जायचे.

आता खरी गंमत. काकांचा समुद्र जूनमध्ये बंद व्हायचा.

सिंगापूरचा समुद्र जूनमध्ये कशाला बंद होईल? आकाश लख्ख, पाणी तळ्यासारखं, यार्डातले बाकीचे लोक सुट्टी काढून होड्या बाहेर काढायचे. काका मात्र भिंतीवरचं मराठी कॅलेंडर बघायचे, मृग नक्षत्र लागलं की मोटार उतरवायचे, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राचं नाव काढायचे नाहीत. दाभोळला होड्या वर ओढल्या की यांची होडी वर. यार्डातला कुणी चिनी म्हातारा विचारायचा, "अंकल, वेदर सो गुड, व्हाय यू स्टॉप?" काका सांगायचे, "माय सी क्लोज्ड लाह."

मी एकदा त्यांच्याशी वाद घातला. नकाशा काढला, वारे दाखवले, इथला पावसाळा डिसेंबरात असतो हे सिद्ध केलं. मला समोरच्याचं चुकतंय हे दाखवल्याशिवाय चहा गोड लागत नाही, हा माझा जुना रोग आहे. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मधली खोली, हे पाणी आणि दाभोळचं पाणी यांच्यामध्ये भिंत आहे का?"

"नाही."

"मग समुद्र एकच ना? तो तिकडे बाळंतपणाला बसलाय आणि मी त्याच्या अंगणात मोटार फिरवू?"

त्याच न्यायाने डिसेंबरात, इथे खरोखर वारा सुटलेला असताना, काका ठरल्याप्रमाणे रविवारी होडी काढायचे. एकदा गस्तीच्या बोटीने त्यांना गाठलं. वरून पाऊस धो धो, काका रेनकोट घालून गळ टाकून बसलेले. तरुण शिपाई कर्ण्यातून ओरडला, "अंकल, मान्सून सीझन! गो बॅक!" काकांनी त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला की मान्सून जूनमध्ये असतो. त्या पोराने होडीला दोर बांधून काकांना किनाऱ्यावर आणून सोडलं. "यांचं घड्याळ सिंगापूरचं आणि पंचांग दाभोळचं," काकू म्हणाल्या. "मधल्यामध्ये भिजायचं आम्ही."

या माणसाने चार वर्षांत मला एकच काम सांगितलं. ते मी कसं केलं हे लिहायला म्हणून बसलोय आणि इतका वेळ बाकीच्या गमती सांगतोय. माझी ही सवय काकांनाही माहीत होती.

मोटार बंद करणं म्हणजे बटण दाबणं नव्हे. मृगाच्या दिवशी काका मला हमाल म्हणून यार्डात न्यायचे. आधी तिचा पाय गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवायचा आणि दहा मिनिटं ती चालू ठेवायची, म्हणजे पोटातलं मीठ धुऊन जातं. मग पेट्रोलची नळी काढायची, पण मोटार बंद करायची नाही. कार्बोरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल तिचं तिने जाळायचं आणि आपणहून थांबायचं. हे तीन-चार मिनिटं चालतं. तेवढा वेळ काका डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन उभे असायचे आणि कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. ती थांबली की प्लग काढून आत थेंब थेंब तेल, दोरी हळूच दोनदा ओढायची, खालचं तेल बदलायचं, जिथे हलतं तिथे ग्रीस, मग कोरड्या फडक्याने अंग पुसणं. "पेट्रोल आत राहिलं की त्याचा डिंक होतो," काका सांगायचे. "सुईएवढं भोक असतं आत, ते बुजतं. माणसाचं काय वेगळं आहे?" असले माणसांचे दाखले आले की मी फोन काढायचो. टोपीची ती चार मिनिटंही मी फोनमध्येच घालवायचो, हे इथे सांगून ठेवतो.

मग मोटार घरी यायची. कोरडी, रिकामी, काकूंच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेली. आमची इमारत तशी नवी, प्रत्येक घरात एक काँक्रीटची खोली, जाड पोलादी दाराची, युद्ध झालं तर लपायला. युद्ध होत नाही म्हणून लोक तिथे सूटकेस ठेवतात. काका जावईबुवांना ठेवायचे, लाकडी घोड्यावर उभं. लिफ्टमध्ये शेजारची आँटी साडीतल्या त्या आकाराकडे दर वर्षी बघायची. "अंकल, दिस वन बॉम्ब इज इट? बॉम्ब शेल्टर नॉट फॉर पुटिंग बॉम्ब, ओके?" काका म्हणायचे, "सन-इन-लॉ." आँटी म्हणायची, "सेम सेम लाह."

आणि नारळी पौर्णिमेला सगळं उलटं. मोटार परत यार्डात, होडी पाण्यात, आणि वर्षातून त्या एकाच दिवशी काकू होडीत. नऊवारी नाही, पण काठापदराची साडी, त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट, मांडीवर नारळ. काका त्यांना लांब, बेटांच्या आडोशाला न्यायचे. तिथे मोटार थांबवायची आणि काकूंनी समुद्राला नारळ द्यायचा. पण देणार कसा? या देशात पाण्यात काही टाकलं की दंड. त्यामुळे काकांनी शास्त्रार्थ काढला होता: नारळ पाण्याला टेकवायचा, नमस्कार करायचा आणि परत घ्यायचा. "त्याला पोचला. आपल्याला नारळीभाताला उरला." काकू वर्षभर मंडईत जा, देवळात जा, मुलीशी व्हिडिओवर बोल, यातच असायच्या. त्या सकाळी मात्र परत आल्या की दिवसभर गुणगुणत असायच्या आणि काकांच्या ताटात पहिला भात पडायचा.

चौथ्या वर्षी काकांचा गुडघा बदलायचा ठरला. तारीख मिळाली ती नेमकी मृगाच्या आठवड्यातली. मुलगी पर्थला, ती म्हणाली, आता पुरे, दोघंही इकडे या. फ्लॅट विकायचा ठरला, होडी आणि मोटार विकायची ठरली. गिऱ्हाईकही मिळालं, एक निवृत्त बसड्रायव्हर. तो नारळी पौर्णिमेला दुपारी चार वाजता येऊन होडी घेऊन जाणार होता. सकाळ काकांनी मागून घेतली होती.

"मे महिन्यातच शेवटची फेरी मारून का नाही टाकत?" मी विचारलं.

"शेवटचं जायचं ते उघडलेल्या समुद्रात जावं," काका म्हणाले. "बंद व्हायच्या गडबडीत उरकायचं नसतं." मग म्हणाले, "हिला एकदा नेऊन आणायचंय. पर्थला कसली होडी अन् काय. तेवढं झालं की झालं माझं."

मोटार निजवायचं काम माझ्याकडे आलं. काका सांगायला लागले तसं मी लॅपटॉप उघडला आणि त्यांच्या बोलण्याच्या सतरा पायऱ्या करून एका शीटमध्ये मांडल्या. प्रत्येकीपुढे एक चौकोन, काम झालं की तो हिरवा. मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं. तीस वर्षांचं डोक्यातलं ज्ञान मी वीस मिनिटांत कागदावर आणलं होतं.

"हिरवं कोण करणार?" काकांनी विचारलं.

"मीच."

"आणि मोटारीला कोण विचारणार?"

मी हसलो.

तो शनिवार होता. तांजोंग पगारच्या ऑफिसात आमच्या सॉफ्टवेअरचं एक रिलीज चाललं होतं, मी घरून बघतो म्हणून सांगितलं होतं आणि होतो यार्डात. मोटार पिंपात लावली, दहा मिनिटं मीठ धुतलं, प्रामाणिकपणे धुतलं. नळी काढायची तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. काहीतरी पडलं होतं आणि ते माझं होतं. मोटारीच्या आवाजात त्याचं ऐकू येईना. मी तिचं लाल बटण दाबलं. मोटार गप्प झाली. त्याच्याशी पाऊण तास बोललो. नंतर पाऊस आला, ज्या व्हॅनवाल्याला बोलावलं होतं तो घाई करू लागला, आणि मला खरंच वाटलं की बंद ती बंद. प्लग काढून आत तेल घातलं, ग्रीस लावलं, अंग पुसलं. मग व्हॅनमध्ये बसून सतरा चौकोन हिरवे केले. आमच्या धंद्यात याला काम संपलं म्हणतात. मी शीट काकांना पाठवून दिली.

संध्याकाळी हॉस्पिटलातून काकांचा फोन आला. गुंगीतला जड आवाज.

"थांबताना आवाज कसा झाला तिचा?"

"हळूहळू विझत गेली, काका. एकदम शांत."

"बरं," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांच्या त्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. पेट्रोल संपत आलं की ती मोटार विझत वगैरे नाही. आधी ती चढते. एकाएकी जोर धरते, किंचाळायला लागते, आता सुटून पळेल असं वाटतं, आणि मग खटकन मरते. तीन वर्षं मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो आणि हे मला माहीत नव्हतं. काकांना त्या क्षणी कळलं की मी खोटं बोलतोय.

आणि त्यानंतर दहा आठवडे ते मला काही बोलले नाहीत.

घरी आले, वॉकर घेऊन चालू लागले, वॉकरची काठी झाली. रोज सकाळी "मधली खोली, चहा निवतोय". मी त्यांच्यासमोर बसून चहा प्यायचो, पोहे खायचो. कधीकधी ते त्या पोलादी दाराकडे बघत मला विचारायचे, "मग, काय म्हणतंय?" मला वाटायचं, ऑफिसबद्दल विचारतायत. मी रिलीजच्या कटकटी सांगायचो. एकदा तर पोस्टडॉकसमोर त्या शीटची फुशारकीही मारली. लिहितानाही कानशिलं तापतायत.

नारळी पौर्णिमा त्या वर्षी कामाच्या दिवशी आली, मी रजा काढली. भरती अकराची होती. साडेदहाला होडी उताराच्या टोकाशी, चाकांच्या गाड्यावर तयार होती. काकू आधीच चढून बसल्या होत्या, साडीवर जॅकेट, मांडीवर नारळ. केसांत गजरा होता, तो त्यांनी सकाळी लवकर उठून लिटल इंडियातून आणला होता. पाणी उताराला भिडून चमचमत होतं. काकांनी मोटार पुन्हा पिंपात लावली, आधी इथे सुरू करायची आणि मग होडीला चढवायची, अशी त्यांची रीत. दोरी ओढली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ओढताना त्यांनी गुडघा धरला आणि दोरी माझ्या हातात दिली.

मी ओढत राहिलो. वीस वेळा, तीस वेळा. तळहाताला फोड आला. मोटार खोकतही नव्हती. शेजारच्या एकाने स्वतःची मोटार देऊ केली, काकांनी हात जोडून नको म्हटलं. वल्ही होती, पण पुनवेच्या ओढीत वल्ह्यांवर बायकोला नेणारा माणूस तो नव्हता. मी पुन्हा दोरीला हात घातला. काका जवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, "ओढून झालं असेल तर बोला आता."

मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला सगळं एकदम समजलं. रिलीज, फोन, लाल बटण, हिरवे चौकोन, सगळं सांगून टाकलं. पोरासारखा रडवेला झालो होतो. त्यांनी तेव्हा मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

होडीतून काकू म्हणाल्या, "सांगितलंस बाबा एकदाचं! मला यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं, मोटार गेली म्हणून. म्हटलं, अहो मग विचारा ना त्याला, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून साफ करून घ्या. तर म्हणे, नको. सांगेल तो. रोज म्हणायचे, आज सांगेल."

"काका, पण तुमची फेरी..." मी म्हणालो.

"पाना घ्या दहाचा," काका म्हणाले. "रडून स्क्रू सुटत नाहीत."

त्यांना वाकता येत नव्हतं. ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सांगत गेले आणि मी कार्बोरेटर उतरवत गेलो. त्याच्या तळाला पेट्रोलची वाटी असते, तिचा एक स्क्रू मिठाने धरला होता, त्याने दोन तास खाल्ले. जोर लावला की काका म्हणायचे, "रागाने नको." वाटी उघडली तेव्हा आत पिवळट चिकट थर होता. सुईएवढं भोक होतं, ते बुजलं होतं. तारेच्या ब्रशचा एक केस काढून मी ते मोकळं केलं, फुंकलं, उजेडाला धरून बघितलं. काकू होडीतून उतरल्या नाहीत. नारळ मांडीवर घेऊन तशाच बसून होत्या, मधे एकदा त्यांनी आम्हा दोघांना डब्यातल्या वड्या पाठवल्या.

अडीच वाजता, दुसऱ्याच झटक्याला, मोटार सुरू झाली. मी ओरडलोच. मग मान वळवून उताराकडे बघितलं. पाणी गेलं होतं. उताराच्या टोकापुढे पन्नास पावलं काळा चिखल होता आणि पाणी त्याच्या पलीकडे. गाडा चिखलात घातला असता तर रुतून बसला असता. पुढची भरती रात्रीची, आणि गिऱ्हाईक चारला यायचं होतं.

काका उठून उभे राहिले. बराच वेळ ते पाण्याकडे बघत होते. मी सॉरी म्हणालो असेन, मोटारीच्या आवाजात गेलं.

"सुरू झाली ना?" ते म्हणाले.

"झाली."

"मग आता नीट बंद करा. दुसऱ्याच्या घरी जायचीय."

काकू होडीतून उतरल्या. चपला काठावर काढल्या, साडी घोट्याच्या वर धरली आणि नारळ घेऊन चिखलात चालायला लागल्या. मी धावलो. "थांबा," काका म्हणाले. "चालू मोटार सोडून जायचं नसतं. ती जाईल." जॅकेट घातलेली ती नारिंगी आकृती पोटऱ्यांपर्यंत चिखलात रुतत, थांबत, पुढे जात होती. काका काठीवर भार देऊन तिच्याकडे बघत होते. मी नळी काढली. फोन खिशात वाजला, वाजू दिला. मोटार चालत राहिली, आणि मग ती चढली. वर लिहिलं तशीच, पण मी ते पहिल्यांदा ऐकत होतो. सगळं यार्ड दणाणलं आणि मोटार खटकन थांबली. त्या शांततेत लांबवर काकू पाण्याला नारळ टेकवत होत्या. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

बाकीच्या पायऱ्या मी एकेक करून केल्या. काकांना काही सांगावं लागलं नाही.

चार वाजता बसड्रायव्हर आला. हसतमुख, गळ्यात टॉवेल. त्याने होडीला फेरी मारली, मोटारीपाशी वाकला, प्लग बघितला, ग्रीस बोटाने चाचपलं आणि खूश झाला. "वा, अंकल, सो क्लीन. हू डू फॉर यू?"

काकांनी काठीने माझ्याकडे खूण केली. "ही डू. फोर इयर्स ही हेल्प मी. ही क्लोज व्हेरी वेल."

काकू पिंपातल्या पाण्याने पाय धूत होत्या, त्या थांबल्या. बसड्रायव्हर माझा हात हातात घेऊन हलवायला लागला. त्या फोडावर दुखत होतं. काका माझ्याकडे बघतच नव्हते, त्यांनी मला तो दाखला देऊन टाकला होता आणि त्यांच्या बाजूने तो विषय मिटला होता. नुसतं थँक्यू म्हणायचा अवकाश होता.

"नो, अंकल," मी बसड्रायव्हरला म्हणालो. "लास्ट टाइम आय नेव्हर क्लोज प्रॉपर्ली, दॅट्स व्हाय टुडे दे कॅनॉट गो. टुडे इज माय फर्स्ट टाइम."

एवढं एक वाक्य बोलायला मला दहा आठवडे आणि त्यांची एक भरती लागली होती.